वाट देणारी धमनी

हृदयाच्या धमनीत स्टेंट, म्हणजे धातूची बारीक जाळी, टाकून कॅथलॅबमधून बाहेर आलेला माणूस पलंगावर उठून बसतो, स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास उचलतो आणि थोड्या वेळाने चपला सरकवून स्वच्छतागृहापर्यंत चालत जातो. आमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या मुलींना यात काही विशेष वाटत नाही, कारण त्यांनी दुसरं काही पाहिलेलंच नाही. आता अँजिओप्लास्टी, म्हणजे बलूनने हृदयाची अरुंद धमनी रुंद करणं, मनगटातून होते; मी परिचारिका झाले तेव्हा बहुतेक जांघेतून व्हायच्या. त्यामुळे हे उठून बसणं मला आजही गृहीत धरता येत नाही.

त्या काळी डॉक्टरांचं काम संपलं की आमचं सुरू व्हायचं. जांघेतल्या फिमोरल धमनीत शीथ तशीच ठेवून रुग्ण वॉर्डात यायचा. शीथ म्हणजे जिच्यातून सगळी सामग्री आत-बाहेर करायची ती आखूड नळी. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा परिणाम ओसरल्याशिवाय ती काढायची सोय नसे. काही तासांनी ती काढली की कातडीवरच्या छिद्राच्या जरा वर, जिथे ठोका लागतो तिथे, बोटांनी दाब द्यायचा. पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त. मध्ये हात बदलायचा नाही, रक्त थांबलं का म्हणून उचलून पाहायचं नाही. मग त्यावर वाळूची पिशवी, आणि रुग्णाने पाय न वाकवता तासन् तास उताणं पडून राहायचं.

हृदयाचं दुखणं घेऊन आलेली माणसं दुसऱ्या दिवशी कंबरेच्या दुखण्याबद्दल बोलायची. ‘सिस्टर, छातीत आता काही नाही हो, पण पाठ तुटतेय,’ हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं असेल! त्याहून अवघड होतं लघवीचं. आडवं पडून, पडद्याआड, अनोळखी बाईने धरलेल्या भांड्यात. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना तशी लघवी होतच नसे. पोट तडस लागायचं आणि शेवटी मूत्रमार्गात नळी घालावी लागायची. आयुष्यभर कुणाकडून काही करून न घेतलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. कुठल्याही अहवालात त्याची नोंद व्हायची नाही. अहवालात लिहिलेलं असायचं, प्रक्रिया यशस्वी.

आणि एक भीती होती, जी आम्ही रुग्णाला सांगत नसू. फिमोरल धमनी रुंद आणि खोल असते. छिद्र जरा जास्त वर पडलं, तर रक्त बाहेर न येता पोटाच्या मागच्या पोकळीत साचत जातं. चादर कोरडी असते, जांघ मऊ असते. रुग्ण फक्त म्हणतो, पाठ दुखतेय, आणि उताण्या पडलेल्या प्रत्येकाचीच पाठ दुखत असते. नाडी वाढली, रक्तदाब घसरला, कपाळावर घाम आला, की मग धावपळ. खालचा रक्तदाब, वरचा रक्तदाब आणि रुग्णाच्या चेहऱ्याचा रंग यांच्याकडे रात्रभर बघत बसायची सवय मला त्या वर्षांनी लावली.

मनगटातल्या रेडियल धमनीची गोष्ट अगदी वेगळी आहे. अंगठ्याच्या बाजूला, कातडीच्या लगेच खाली, सपाट हाडावर ती पडलेली असते. तिला खेटून मोठी शीर नाही, मोठा मज्जातंतू नाही. रक्त आलंच तर लगेच दिसतं आणि अंगठ्याच्या दाबाने थांबतं. शिवाय हाताला रक्त पुरवायला करंगळीच्या बाजूने दुसरी अल्नर धमनी असते, आणि तळहातात या दोघींची कमान जुळलेली असते. एकीचं काही बिनसलं तर बहुतेक वेळा दुसरी हात सांभाळून घेते. इतकी सोयीची जागा असताना सगळे जांघेकडे का गेले, असा प्रश्न मला सुरुवातीला पडायचा.

उत्तर नळ्यांच्या जाडीत आहे. खरं तर हृदयाकडे जाणारी वाट हातातूनच सुरू झाली होती. 1929 साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे इथे वर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या डाव्या हाताच्या शिरेतून मूत्रमार्गाची नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तसाच चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. 1958 मध्ये क्लीव्हलंडला मेसन सोन्स यांच्या हातून हृदयाच्या धमनीत थेट डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारा द्रव, गेला आणि कोरोनरी अँजिओग्राफीचा, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांचं चित्र घेण्याचा, जन्म झाला. तेही कोपराजवळची धमनी उघडी करून काम करत. पण धमनी उघडी करायची, मग शिवायची, हे हात बसलेल्या माणसाचं काम. 1967 साली मेल्विन जडकिन्स यांनी जांघेतून घालायचे, टोकाला आधीच बाक दिलेले कॅथेटर, म्हणजे लांब पोकळ नळ्या, आणले. ते महाधमनीत गेले की आपोआप डाव्या किंवा उजव्या कोरोनरीच्या तोंडाशी जाऊन बसत. हे शिकायला सोपं होतं, त्यामुळे सगळे तिकडे वळले. 1977 मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुन्ट्झिग यांनी पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली, तीही जांघेतून. त्या वेळचे गाइड कॅथेटर, म्हणजे ज्यांच्यातून बलून आत न्यायचा ते, इतके जाड होते की मनगटाचा विचारही कुणी केला नसता.

मग स्टेंट आले. 1986 मध्ये फ्रान्समध्ये जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिक सिगवार्ट यांनी माणसाच्या कोरोनरीत पहिले स्टेंट ठेवले. धमनी पुन्हा मिटण्याची भीती कमी झाली, पण धातूच्या जाळीवर रक्त गोठायचं. ते गोठू नये म्हणून ॲस्पिरिन, हेपॅरिन, वॉरफरिन, सगळं एकदम द्यायचे. हृदयातला स्टेंट उघडा राहायचा आणि जांघेतलं छिद्र बंद व्हायचं नाही. हृदय वाचवण्यासाठी दिलेलं औषधच जांघेतून रक्त काढत होतं.

तोवर 1989 साली मॉन्ट्रियलमध्ये लुसियाँ कांपो यांनी बारीक कॅथेटर वापरून मनगटातून शंभर रुग्णांची अँजिओग्राफी केल्याचं प्रसिद्ध केलं होतं. ती फक्त तपासणी होती, उपचार नव्हता. ॲमस्टरडॅममध्ये फर्डिनांड कीमेनाय यांनी ते वाचलं, आणि 1992 मध्ये त्यांनी मनगटातून अँजिओप्लास्टी केली, पाठोपाठ स्टेंटही टाकला. 1997 मध्ये त्यांनी 900 रुग्णांची तुलना मांडली: मनगट, कोपर आणि जांघ. जिथे टोचलं तिथल्या गंभीर गुंतागुंतीचं प्रमाण जांघेत 2 टक्के, कोपराशी 2.3 टक्के, आणि मनगटात शून्य. पण त्याच कागदावर दुसरा आकडाही होता. जांघेतून 99.7 टक्के रुग्णांमध्ये वाट मिळाली, मनगटातून 93 टक्क्यांमध्येच. वाट सुरक्षित होती, पण सापडायला अवघड होती. बरीच वर्षं लोकांनी दुसऱ्या आकड्याकडेच बोट दाखवलं.

इथे जाडीचा हिशेब सांगायलाच हवा, कारण सगळा विषय शेवटी त्याच्यापाशी येतो. नळ्यांचं माप फ्रेंच या एककात मोजतात. पॅरिसमधले वैद्यकीय उपकरणांचे कारागीर शारिएर यांनी एकोणिसाव्या शतकात ते ठरवलं: एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. म्हणजे 6 फ्रेंचचा गाइड कॅथेटर बाहेरून 2 मिलिमीटर. त्याच्या आतली पोकळी सुमारे 1.8 मिलिमीटर. बाजूची भिंत उरली मिलिमीटरचा दहावा भाग, आणि तेवढ्यात आतून गुळगुळीत अस्तर, मध्ये विणलेली पोलादी जाळी, बाहेरून प्लॅस्टिक असे तीन थर. ही नळी पिळली तर टोकापर्यंत पीळ पोचला पाहिजे, वळली तर मुडपता कामा नये, आणि कोरोनरीच्या तोंडाला इजा होता कामा नये. हे हातात धरून पाहिलं की मला ते बनवणाऱ्यांबद्दल फार आदर वाटतो.

पण 6 फ्रेंचचा कॅथेटर जाण्यासाठी शीथची आतली पोकळी तेवढी लागते, म्हणून शीथ बाहेरून अडीच मिलिमीटरच्याही वर जाते. आणि रेडियल धमनी साधारण दोन ते तीन मिलिमीटरची, बायकांमध्ये अनेकदा त्यातही बारीक. जपानमधल्या शिगेरू सायतो यांनी 1999 मध्ये दाखवलं, की शीथ धमनीपेक्षा जाड झाली की नंतर तिथला प्रवाह कमी होण्याची शक्यता वाढते. त्यानंतर बारीक होण्याचा ध्यासच लागला. 5 फ्रेंचचे गाइड आले, पातळ भिंतीच्या शीथ आल्या, शीथ वगळून कॅथेटर थेट आत घालण्याची पद्धत आली. बारीक नळीने काही गोष्टी सोडाव्या लागतात. फांदीच्या तोंडाशी दोन बलून एकाच वेळी फुगवायचे असतील तर 5 फ्रेंचमध्ये सहसा जागा नसते. डाय कमी जातो, चित्र फिकं येतं. आणि कडक, कॅल्शियम साचलेल्या ब्लॉकेजमधून स्टेंट ढकलायचा तर मागून जो टेकू लागतो, तो बारीक गाइड देत नाही. म्हणून काही डॉक्टर तो गाइड कोरोनरीच्या आत जरा खोल नेतात. ते नाजूक काम आहे, आणि ते करताना खोलीतलं बोलणं बंद होतं.

माझं काम रुग्णाच्या डोक्याशी किंवा हाताशी. मनगटावर भूल देणारी छोटी सुई, मग धमनीत बारीक सुई, वायर आणि शीथ. शीथमधून लगेच धमनी सैल करणारी नायट्रोग्लिसरिन आणि व्हेरापामिल ही औषधं देतात, आणि हातभर जळजळ उठते. मी ती आधीच सांगून ठेवते. ‘मावशी, आता हात गरम होईल, क्षणभरच, घाबरायचं नाही.’ न सांगता झालं तर माणूस दचकतो, आणि दचकणं इथे महागात पडतं. रेडियल धमनीच्या भिंतीत स्नायू भरपूर असतो आणि ॲड्रेनलिनला ती पटकन प्रतिसाद देते. भीती वाटली की ती अक्षरशः आवळते, कॅथेटरला घट्ट धरून ठेवते. ओढलं तर आणखी आवळते. म्हणून रुग्णाशी बोलत राहणं हा आमच्या खोलीत उपचाराचाच भाग आहे. मुलगा काय करतो, नातीचं नाव काय, हे मी विचारते ते वेळ घालवायला नव्हे. उत्तर देता देता खांदा सैल पडतो, आणि बऱ्याच वेळा कॅथेटरही सैल होतो.

वाटेत वळणं असतात. कुणाची रेडियल कोपराच्या वरूनच फुटलेली असते, कुणाच्यात पूर्ण गोल वेढा असतो. वयस्कर, रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये खांद्याशी धमनी नागमोडी झालेली असते आणि वायर हृदयाकडे वळायच्या ऐवजी खाली पोटाकडे जाते. तेव्हा डॉक्टर म्हणतात, ‘काका, मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा.’ फुप्फुसांखालचा श्वासाचा पडदा खाली सरकतो, हृदय आणि महाधमनी जरा ताणली जाते, कोन उघडतो आणि वायर बरोबर वळते. इतक्या यंत्रांच्या गराड्यात रुग्णाच्या एका श्वासाने काम होतं. मला दर वेळी वाटतं, या क्षणी तो टेबलावर पडलेला माणूस आमच्यातला एक झालेला असतो.

पुढचं सगळ्या पद्धतींमध्ये सारखंच. गाइड कोरोनरीच्या तोंडाशी लागतो, 0.36 मिलिमीटर जाडीची वायर ब्लॉकेजच्या पलीकडे जाते, बलून, मग बलूनवर घट्ट दाबून बसवलेला स्टेंट. तो फुगवतात तेव्हा काही सेकंद रक्त अडतं आणि छातीत तेच जुनं दुखणं येतं. बलून उतरतो, दुखणं जातं, जाळी तिथेच राहते. आजकालच्या औषध लावलेल्या स्टेंटच्या तारा साठ ते ऐंशी मायक्रॉनच्या असतात, डोक्यावरच्या केसाएवढ्या.

मनगटाचा फायदा निव्वळ सुखसोयीचा आहे, असं बराच काळ म्हटलं जायचं. ते मला तेव्हाही पटत नसे, कारण रक्तस्रावाने माणूस कसा खचतो ते आम्ही जवळून पाहत होतो. रक्तस्राव झाला की रक्त पातळ ठेवणारी औषधं थांबवावी लागतात, मग नव्या स्टेंटमध्ये रक्त गोठायची भीती वाढते, रक्त चढवावं लागतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. मग मोठ्या चाचण्या आल्या. 2011 च्या रायव्हलमध्ये 7021 रुग्ण होते. मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मोठा रक्तस्राव यांच्या एकत्रित आकड्यात फरक दिसला नाही, पण टोचलेल्या धमनीच्या मोठ्या इजा 3.7 टक्क्यांवरून 1.4 टक्क्यांवर आल्या. 2015 च्या मॅट्रिक्समध्ये 8404 रुग्णांत महिनाभरातले मृत्यू जांघेच्या गटात 2.2 टक्के होते, मनगटाच्या गटात 1.6. उलट 2020 च्या सफारी-स्टेमी या कॅनडातल्या चाचणीत मोठ्या झटक्याच्या रुग्णांमध्ये मृत्यूंचा फरक आढळला नाही; तिथे जांघेचं काम करणारे हात तयारीचे होते आणि चाचणी वेळेआधी थांबवली गेली. मला यातून एवढंच दिसतं, की जांघ नीट हाताळली तर ती शत्रू नाही. पण हाताळणीत चूक झाली तर मनगट माफ करतं, जांघ तितकी करत नाही.

आणि जांघेची गरज संपलेली नाही. हातात ठोकाच नसतो, धमनी फार बारीक असते, मोठ्या उपकरणांना जागा हवी असते, किंवा रुग्ण इतका खचलेला असतो की हृदयाला आधार देणारा पंप जांघेतूनच बसवायचा असतो. जे कायम मनगटातूनच शिकले त्यांचा जांघेवरचा हात बसलेला नसतो, आणि त्यांच्याकडे येणारे जांघेचे रुग्ण नेमके सगळ्यात आजारी असतात. सोनोग्राफीत बघून टोचणं शिकवलं पाहिजे, दाब द्यायलाही शिकवलं पाहिजे. आमच्या मुलींना मी ते आवर्जून करायला लावते, त्यांना कितीही जुनाट वाटलं तरी.

आता मी येते मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे त्या गोष्टीकडे, म्हणजे केस संपल्यानंतरच्या मनगटाकडे.

शीथ काढली की मनगटावर पारदर्शक बँड बांधतात, त्यात हवा भरतात, रक्त थांबतं. सगळे खूश होतात. सुरुवातीच्या काळात तो घट्ट बांधायचा आणि तासन् तास तसाच ठेवायचा, रक्त आलं नाही म्हणजे झालं. पण घट्ट दाबलेल्या धमनीत प्रवाह थांबतो, आणि थांबलेलं रक्त गोठतं. दुसऱ्या दिवशी मनगटावर ठोका नसतो. रुग्णाला काही कळत नाही, कारण अल्नरने हात सांभाळलेला असतो. बोटं गुलाबी असतात, दुखत नाही, तो आनंदाने घरी जातो. आणि कुणी बोट ठेवून पाहिलंच नाही तर आम्हालाही कळत नाही.

काय बिघडलं, असं कुणी विचारेल. बिघडलं हे, की ज्याला एकदा स्टेंट लागला त्याला पुन्हा लागू शकतो, आणि तेव्हा ही वाट बंद असेल. बायपास करायची वेळ आली तर रेडियल धमनी काढून हृदयावर लावतात. आता ती उपयोगाची नाही. मूत्रपिंडं निकामी झाली तर डायलिसिसच्या फिस्टुलासाठी, म्हणजे धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेसाठी, याच हातातल्या रक्तवाहिन्या लागतात. आपण रुग्णाकडून एक धमनी काही मिनिटांसाठी मागून घेतली होती. ती तशीच चालती परत द्यायची जबाबदारी बँड बांधणाऱ्याची आहे.

2008 मध्ये समीर पांचोली यांच्या प्रॉफेट अभ्यासाने हे स्पष्ट केलं. बँड बांधल्यावर करंगळीकडची अल्नर दाबायची आणि अंगठ्याला किंवा तर्जनीला ऑक्सिमीटर लावायचा. लाट दिसली म्हणजे रेडियलमधून रक्त वाहतंय. दिसली नाही तर बँड जरा सैल करायचा, लाट परत येईपर्यंत, आणि तरीही छिद्रातून रक्त यायला नको. दाब इतकाच, की छिद्र मिटावं, धमनी मिटू नये. तेवढ्याने 436 रुग्णांच्या त्या अभ्यासात एका महिन्यानंतर धमनी बंद असण्याचं प्रमाण 7 टक्क्यांवरून 1.8 टक्क्यांवर आलं. यात नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. हवा किती भरायची याचं भान आहे, आणि पाच मिनिटं रुग्णाजवळ उभं राहणं आहे. स्टेंटच्या तारा दहा मायक्रॉनने पातळ झाल्या तर त्यावर परिषदा भरतात. हे काम परिचारिकेच्या हातात असल्यामुळे त्याच्यावर तितकं बोललं गेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

2017 मध्ये कीमेनाय यांनीच आणखी पुढची जागा सुचवली: अंगठ्याच्या मुळाशी, हाताच्या पाठीवर जो खळगा पडतो तिथून टोचायचं. धमनी तिथे बंद झालीच, तरी मनगटातला मुख्य प्रवाह फांद्यांमधून चालू राहतो. रुग्णाला डावा हात पोटावर आरामात ठेवता येतो, जे उजव्या हाताने काम करणाऱ्यांना सोयीचं. 2022 च्या डिस्को रेडियल चाचणीत खळगा आणि मनगट यांची तुलना केली, तेव्हा धमनी बंद पडण्याचं प्रमाण दोन्हीकडे एका टक्क्याच्या आत निघालं आणि दोघांत ठोस फरक राहिला नाही. पुष्कळांना निकाल निराशाजनक वाटला. मला फार आनंद झाला. कारण त्या चाचणीत मनगटाच्या गटातही बँड जपून, प्रवाह चालू ठेवून बांधण्याचे नियम पाळले होते. म्हणजे जुनीच जागा, नीट सांभाळली, तर जवळजवळ कुणाचीच धमनी जात नाही.

आमच्याकडच्या डिस्चार्ज कार्डावर कुठल्या धमनीत किती लांबी-रुंदीचा स्टेंट टाकला, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किती काळ घ्यायच्या, हे डॉक्टर लिहितात. त्याखाली आता एक ओळ परिचारिकेने भरायची असते: उजवा रेडियल ठोका लागतो किंवा लागत नाही, आणि तपासणाऱ्या सिस्टरची सही.